लई तापणारी शेगडी

आमच्या मामांनी दुरुस्त केलेली शेगडी नव्या शेगडीपेक्षा जास्त तापायची, आणि यात त्यांचं काडीचंही कर्तृत्व नव्हतं. हे वाक्य मी लग्नानंतर चौथ्या महिन्यात, पाहुण्यांच्या देखत, त्यांच्या तोंडावर बोलले. पुढचे पाच महिने त्यांनी माझ्या हातचा चहा घेतला नाही.

मामा म्हणजे माझे सासरे. आमच्याकडं सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्ती. नव्वदच्या दशकाच्या मधल्या वर्षांत माझं लग्न झालं. गाव कोडोलीच्या अलीकडचं, मागच्या दारात उभं राहिलं की जोतिबाचा डोंगर दिसायचा. माहेर जयसिंगपूरचं. तिथं वडिलांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान. जळक्या मोटारींच्या वासातच मी मोठी झाले आणि कोल्हापुरात इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून बसले. वर्गात आम्ही दोघीच मुली. दुसरीनं पुढं बँकेची परीक्षा दिली आणि सुटली बिचारी. मला मात्र आमटीत मीठ किती ते कळायचं नाही, पण व्होल्टेजला करंटनं भागलं की रोध आणि गुणलं की वॅट, हे झोपेतून उठवून विचारलं तरी सांगायचे. न विचारता तर जास्तच सांगायचे.

लेकीच्या रुखवतात माणसं कापसाचे बैल ठेवतात, मण्यांची तुळस ठेवतात. आमच्या वडिलांनी ते सगळं ठेवलं आणि मधोमध टाँग टेस्टर ठेवला. चिमट्यासारखं तोंड असलेला मीटर. वायर न कापता नुसती त्याच्या तोंडात धरायची, की तिच्यातून करंट किती जातोय ते काटा दाखवतो. व्होल्टेज मोजायला सोबत दोन पिनाही होत्या. वऱ्हाडातल्या बायकांनी तो हातात घेऊन उघडझाप करून बघितला.

"नव्या फॅशनची सांडशी दिसतीया," एकीनं निकाल दिला.

आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वडील मात्र मांडवभर छाती काढून हिंडत होते.

आता गावच्या लाइटीचं सांगते. नदीकाठच्या मोटारी सुरू झाल्या की घरातला बल्ब लाल व्हायचा, नुसता जीव धरून असायचा. दोनशे तीसच्या जागी एकशे चाळीस व्होल्ट. स्वयंपाक चुलीवर व्हायचा, पण येताजाता चहा करायला घरोघरी लाइटची शेगडी होती. चिनीमातीची थाळी आणि तिच्या खाचेत बसवलेली नागमोडी कॉईल. एवढ्याशा व्होल्टेजवर ती शेगडी काय तापणार, कप्पाळ! दोन कप पाण्याला उकळी येईपर्यंत पाहुणा निघून जायचा.

कॉईल तुटली की गल्ली मामांकडं यायची. मामांचं शिक्षण चौथी, पण पक्कड हातात आली की सिव्हिल सर्जन. जळका तुकडा कापायचा, राहिलेली कॉईल ताणायची आणि मधे पीळ घालून गाठ मारायची. प्रत्येक ऑपरेशनात पेशंटचं वीतभर आतडं कमी. कॉईल आखूड झाली की रोध कमी, रोध कमी झाला की करंट जास्त, करंट जास्त की शेगडी लालभडक. बायका म्हणायच्या, मामांच्या हाताला गुण हाय. कळस म्हणजे काहीजणी कोल्हापुरातून कोरी शेगडी आणायच्या, ती तशीच पिशवीतनं मामांकडं घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, "मामा, जरा हात फिरवा की हिच्यावर." आणि मामा कोऱ्या करकरीत कॉईलचा हातभर तुकडा कापून फेकून द्यायचे! मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा माझ्या तोंडातनं किंकाळीच निघायची बाकी होती.

चौथ्या महिन्यात आत्तीच्या माहेरचे पाहुणे जोतिबाचं दर्शन घेऊन उतरताना घरी आले. आत्तीनं शेगडी लावली, बघता बघता चहाला उकळी आली. पाहुण्यांनी तोंडभर कौतुक केलं.

मामांनी मिशीवरनं हात फिरवला. "त्ये काय हाय पावणं, वस्तू कुठलीबी असू द्या. हात पायजे."

माझी जीभ वळवळली. आत जाऊन मी टाँग टेस्टर घेऊन आले. व्होल्टेज मोजलं, एकशे चाळीस. शेगडीची एक वायर चिमट्यात धरली, काटा साडेचारवर.

"एकशे चाळीस भागिले साडेचार, रोध झाला एकतीस ओहम," मी म्हणाले. "नव्या हजार वॅटच्या कॉईलचा असतो त्रेपन्न. म्हणजे पाच वितीतल्या दोन विती कॉईल मामांनी उकिरड्यावर टाकलीय. एकशे चाळीस गुणिले साडेचार, सहाशे तीस वॅट. पूर्ण कॉईल असती तर पावणेचारशेसुद्धा मिळाले नसते. म्हणून ही जास्त तापते. यात हाताचं कर्तृत्व काही नाही. आणि उद्या जर खरोखर दोनशे तीस आले ना, तर हीच शेगडी सतराशे वॅट ओढंल आणि फाटकन जाईल."

पाहुण्यांची बिस्किटं चहात बुडून तिथंच विरघळली. आमचे हे छताकडं बघायला लागले.

मामा शांतपणे म्हणाले, "दे हिकडं ती सांडशी."

त्यांनी शेगडीची अख्खी दुपदरी वायर चिमट्यात धरली. काटा शून्यावर. मामांनी तो सगळ्यांना फिरवून दाखवला.

"बघा पावणं! माझी शेगडी करंटच खात न्हाय. फुकटात तापतीया!"

घर हसलं. खरं तर तिथं मीही हसायला हवं होतं, विषय संपला असता. पण गप्प बसेन ती मी कसली! "दोन्ही वायरी एकत्र धरल्या की जाणारा आणि येणारा करंट एकमेकाला खोडतात मामा, एकच धरायची असते," म्हणत मी मीटर त्यांच्या हातातनं काढून घेतला, वायरी वेगळ्या केल्या आणि काटा परत साडेचारवर नेऊन दाखवला. मामांनी कप खाली ठेवला. अर्धा भरलेला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्यांना पित्त झालं. म्हणजे मी चहा नेला की पित्त. आत्तीनं नेला की साखरेचा पाक केलेला दोन कप चहा बशीत ओतून भुरके मारत संपायचा. मामांच्या चहात साखर कमी पडली तर ते कप तसाच परत पाठवायचे, म्हणून मी मोजून चार चमचे घालायचे. उपयोग शून्य. "नगं पोरी, पित्त हाय." मी रडले, चिडले, माहेरी जाते म्हणाले. आमचे हे म्हणजे न्यूट्रलची वायर. घरातला सगळा करंट त्यांच्यातून परत जायचा, पण हात लावला तर काही जाणवायचं नाही. "दोघांचंबी बरोबर हाय," एवढंच म्हणायचे.

अशात बातमी आली. गावच्या आमच्या बाजूला नवा ट्रान्सफॉर्मर मंजूर झाला.

आता गंमत बघा. हा ट्रान्सफॉर्मर आणला कुणी? मामांनी. कितीतरी वर्षं ते अर्ज घेऊन वीज कचेरीत हेलपाटे घालत होते. साहेब जेवायला गेलेत, साहेब रजेवर आहेत, साहेब बदलले. मामा परत उभे. शेवटी साहेबच कंटाळला म्हणे. गल्लीत पेढे वाटले ते मामांनीच, आणि प्रत्येक दारात सांगितलं, "आता फुल लाइट. कमी न्हाय, जास्त न्हाय. दोनशे तीस."

मी आत भांडी घासत ऐकत होते. हातातलं पातेलं तसंच राहिलं. गल्लीत मामांच्या हाताखालनं गेलेल्या शेगड्या मी बोटांवर मोजल्या. एकोणीस. एकोणीस घरांत मामांची गाठ. ज्या दिवशी मामांचा ट्रान्सफॉर्मर सुरू होईल त्याच दिवशी मामांच्या शेगड्या एकामागनं एक उडणार.

खोटं कशाला बोलू, आधी मला आनंद झाला. घ्या म्हणावं पित्त! दिवसभर मी गुणगुणत होते. आत्तीनं विचारलंसुद्धा, काय दिवस गेलेत की काय.

संध्याकाळी शेण भरायला गोठ्यात गेले तर आतनं मामांचा आवाज. म्हशीपुढं उभे राहून ते भाषणाची तयारी करत होते. मोठ्या माणसांनी उद्घाटनाला चार शब्द बोलायला सांगितलं होतं त्यांना. "गल्लीतल्या माझ्या आयाबहिणींनो," मामा म्हशीला म्हणत होते, "मी शिकल्याला माणूस न्हवं. पर तुमच्या घरातली शेगडी लवकर तापावी, एवढंच माझ्याच्यानं हुईल तेवढं केलं." पुढचं आठवेना म्हणून ते परत पहिल्यापासनं सुरू झाले. तिसऱ्या वेळीही तिथंच अडकले.

मी टोपली घेऊन तशीच मागं फिरले. माझा सगळा आनंद उतरला. हा माणूस चार लोकांपुढं उभा राहून शेगडीबद्दल बोलणार, आणि अर्ध्या तासात त्याच्या नावानं गल्ली फिदीफिदी हसणार. त्या गल्लीत मामांची इस्टेट म्हणजे तेवढीच होती, हाताला गुण आहे ही.

सरळ सांगून उपयोग नव्हता. ते एकदा करून बसले होते मी. मग मी खोटं बोलले. ताटावर बसलेल्या मामांना म्हणाले, "वडिलांचा निरोप आलाय. तुमच्या शेगडीची जोडणी त्यांना बघायचीय. म्हणाले, असली तापणारी शेगडी आम्हाला जमत नाही."

मामांनी घास खाली ठेवला. "व्याही म्हणाले असं?"

"व्हय की."

रविवारी आम्ही दोघं निघालो. शेगडी मामांच्या मांडीवर, टॉवेलात गुंडाळून. एसटीत कंडक्टरनं विचारलं, "आजोबा, बारशाला निघालाय काय?" मामा माझ्याशी बोलत नव्हते म्हणून हसणंही त्यांनी खिडकीबाहेर बघून उरकलं.

वडिलांना मी आधीच फोन करून ठेवला होता. त्यांनी मामांना खुर्ची दिली, शेगडी उलटसुलट करून बघितली, "वा, काय पीळ आहे!" म्हणाले. दुकानातलं व्होल्टेज मोजलं, दोनशे तीसला एक-दोन इकडंतिकडं. मग मी टाँग टेस्टर मामांच्या हातात दिला.

"तुम्हीच धरा."

मामांनी माझ्याकडं बघितलं नाही. पण दुपदरी वायर बोटांनी उकलली, वेगळी केली आणि एकच चिमट्यात धरली. पाच महिन्यांपूर्वीचं लक्षात ठेवलं होतं तर! वडिलांनी बटण दाबलं. काटा चार ओलांडून, पाच, सहा, सात ओलांडून थोडा पुढं जाऊन थांबला. कॉईल लाल झाली, मग नारिंगी, मग तिच्याकडं बघवेना. गाठीच्या जागी तर ठिणगीएवढा पांढरा ठिपका दिसायला लागला. मामांनी वाकून स्वतःच प्लग ओढून काढला.

मग वडील म्हणाले, "व्याही, चहा घेणार?"

"घेतो की," मामा म्हणाले.

परत येताना हातकणंगले मागं पडलं. मग एकदम, समोरच्या सीटकडं बघत त्यांनी विचारलं, "किती झाल्या असतील गं गल्लीत?"

"एकोणीस."

"आणि ह्यो ट्रान्सफॉर्मर मीच आणलाय."

मला रडू येत होतं, आणि मांडीवर शेगडी घेतलेल्या सासऱ्याशेजारी बसून एसटीत रडणं बरं दिसलं नसतं. कोल्हापूरच्या स्टँडवर उतरल्यावर मामांनी स्वतःच एका दुकानात जाऊन कॉईली मागितल्या.

दुसऱ्या दिवशी मामांनी गल्लीत हुकूम सोडला. नव्या लाइटीला नवी कॉईल, समद्यांनी शेगड्या आणून द्यायच्या. कल्पना कुणाची, ते त्यांनी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. बाहेरच्या सोप्यात बसून मी कॉईली बसवायचे. वेढे सारखे ताणायचे, टोकं स्क्रूखाली वायसर घालून आवळायची, गाठ कुठंच नाही. मामा शेजारी बसून प्रत्येक शेगडी उजेडात धरून बघायचे आणि "हां" म्हणायचे. बास, हां. पाच-सहा दिवसांत एकोणीस शेगड्या झाल्या.

आणि मग तक्रारी सुरू झाल्या. व्होल्टेज अजून एकशे चाळीसच होतं, आणि कॉईल पूर्ण. चहाला उकळीच येईना. "मामा, हात गेला की वो तुमचा," बायका पाणी भरताना म्हणायच्या. समोरची काकू तर, जिच्या जिभेला हाड म्हणून नव्हतं, भर रस्त्यात म्हणाली, "म्हातारपण लागलं मामास्नी. आमची ग्वाड शेगडी बिघडवून दिली." माझं डोकं फिरलं. मी बोलायला तोंड उघडलं तर मामांनी हातानंच थांबवलं. "थांबा की चार दिवस," एवढंच म्हणाले आणि आत गेले. चहा त्या दिवशीही आत्तीच्याच हातचा घेतला.

राहिली फक्त आमच्या घरची शेगडी. आत्तीनं ती द्यायला साफ नकार दिला.

"गल्लीच्या बिघडवल्यासा तेवढ्या बास. ही तुमच्या हातची हाय. हिला हात लावू देणार न्हाय मी."

बायको इतक्या वर्षांनंतर इतकं कौतुक करत असताना नवऱ्यानं तिला काय सांगावं? मामा म्हणाले, "ऱ्हाऊ दे." मी आपली उद्घाटनाच्या दिवसासाठी नव्या कॉईलची एक शेगडी तयार करून ओट्यावर ठेवली आणि जुनी ज्वारीच्या कणगीमागं लपवली.

उद्घाटन झालं. नारळ फुटला, मामा म्हशीला सांगितलं तेवढंच बोलले, आणि अडकले तिथंच बरोबर टाळ्या पडल्या. दिवसाढवळ्या घरोघरी बल्ब लावून लोक बघत होते. इतका पांढरा उजेड! समोरच्या काकूच्या शेगडीवर चहाला उकळी आली तशी ती भांडं घेऊनच रस्त्यावर आली, "मामा, आलं की वो, आलं!" कचेरीतले साहेब, गल्लीतली जुनी माणसं, सगळे आमच्या सोप्यात चहाला बसले. मी कपबशा मांडत होते.

आत आत्तीनं शेगडी लावली. मी वळून बघितलं आणि माझ्या हातातली बशी खाली पडली. ओट्यावर जुनीच शेगडी होती. कणगीमागनं शोधून काढली होती बाईनं, साहेबांना चहा लवकर मिळावा म्हणून!

"आत्ती, बंद करा!" मी ओरडले.

"अगं बघ तर कशी फुललीया," आत्ती म्हणाली. कॉईल सोन्यासारखी झळकत होती. पाहुणेही माना उंचावून बघायला लागले.

फाट!

जाळ झाला, धूर झाला, पातेलं लवंडलं. आत्ती मागं सरकली म्हणून वाचली. घरातली लाइटही गेली. जळक्या वायरीचा चर्र आवाज सोप्यापर्यंत ऐकू येत होता. समोरची काकू दारातच होती. ती हळूच म्हणाली, "मामांची जोडणी वाटतं?"

सगळ्यांनी मामांकडं बघितलं. साहेबांनीही. मामा काळेठिक्कर पडले होते.

मी पुढं झाले. "माझी आहे ती," मी म्हणाले. "काल मीच जोडली होती. माझंच चुकलं."

"गप!"

मामा इतक्या मोठ्यानं ओरडले की साहेबांच्या हातातनं सुपारी पडली. ते उठले, आत गेले, गरम शेगडी टॉवेलात धरून सोप्यात घेऊन आले आणि सगळ्यांच्या मधोमध ठेवली. तुटक्या कॉईलवरचा काळा पीळ त्यांनी बोटानं दाखवला.

"खोटं बोलालीय ती. ही गाठ बघा. असली घाणेरडी गाठ माझ्या सुनंची न्हवं. तिला गाठच लागत न्हाय. तुमच्या एकोणीस शेगड्या तिनं जोडल्यात, म्हणून आज जित्या हायत. तिनं मला पाच महिन्यांमागंच सांगितलंतं, असं हुणार म्हणून. पावण्यांच्या देखत सांगितलंतं." मामा दम घ्यायला थांबले. "ही माझी जोडणी हाय."

कुणी हसलं नाही. समोरची काकूही नाही. मामा खुर्चीत बसले, टॉवेलानं तोंड पुसलं आणि माझ्याकडं बघून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "हुबी काय ऱ्हायलीस? फ्यूज घाल, आणि च्या टाक. मलाबी."

मी घाईघाईनं फ्यूज घातला. नव्या कॉईलवर चहा टाकला, गाळला, मामांच्या पुढं कप नेऊन ठेवला. त्यांनी बशीत ओतला, भुरका मारला, क्षणभर थांबले आणि मग शेवटच्या थेंबापर्यंत सगळा प्याले. नंतर मी आत येऊन उरलेल्या चहाचा घोट घेतला तेव्हा कळलं, साखर घालायची राहूनच गेली होती.